‘ऑप्ट’ हा शब्द फॉर्मवर दिसला तर: अर्थ, वापर आणि सही करण्याआधी काय पाहावं

शाळेत आपण ‘चूज’ शिकतो, ‘सिलेक्ट’ शिकतो. ‘ऑप्ट’ मात्र कुणी मुद्दाम शिकवत नाही. तो थेट फॉर्मवरच भेटतो: पीककर्ज घेताना, आयकराचं विवरणपत्र भरताना, रेल्वेचं वेटिंग तिकीट काढताना, पुण्याहून लंडनला बदली झाली की तिथल्या पहिल्या पगाराच्या कागदांत. आणि जिथे तो येतो तिथे बहुतेक वेळा पैशाचा किंवा हक्काचा प्रश्न असतो. म्हणून ज्यांचं इंग्रजी कामापुरतं आहे त्यांनी बाकी शंभर अवघड शब्द बाजूला ठेवून आधी हा एक पक्का करावा, असं मला मनापासून वाटतं.

पायरी १: अर्थ पक्का करा

ऑप्ट म्हणजे समोर ठेवलेल्या पर्यायांपैकी एक स्वीकारणं. मूळ लॅटिन ‘ऑप्तारे’, म्हणजे निवडणं, इच्छा धरणं. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तो एकोणिसाव्या शतकात. ‘ऑप्शन’ हे त्याचं नाम इंग्रजीत त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. ‘अडॉप्ट’ त्याच घरातला, आपलं म्हणून निवडणं, म्हणून दत्तक घेण्यालाही तोच शब्द. ‘को-ऑप्ट’ही त्यातलाच: सहकारी संस्थेचं संचालक मंडळ निवडणुकीबाहेरून एखाद्या जाणकाराला आपल्यात घेतं, त्याला आपण स्वीकृत सदस्य म्हणतो. चष्म्याच्या दुकानावरचा ‘ऑप्टिकल’ मात्र वेगळा. तो ग्रीकमधून आलेला, डोळ्याशी संबंधित. त्याचा इथे काही संबंध नाही.

मग ‘चूज’ आणि ‘ऑप्ट’ यांत फरक काय? ‘चूज’ कुठेही चालतो. साडी निवडा, मित्र निवडा, आंबा निवडा. ‘ऑप्ट’मध्ये दोन गोष्टी गृहीत असतात. पर्याय कुणीतरी आधीच ठरवून दिलेले असतात, आणि तुम्ही काय ठरवलंत याची कुठेतरी नोंद होते. त्यामुळे हॉटेलात चहा की कॉफी या प्रश्नाला ‘ऑप्ट’ लावला तर चूक होत नाही, पण उगाच कागदी वाटतं. पेन्शन योजना, विषय, कररचना, विमा यांना तो शोभतो.

सरकारी मराठीत याला ‘विकल्प’ म्हणतात. वेतन आयोग लागू झाला की कार्यालयात ‘विकल्प दिला का?’ अशी विचारणा होते, ती हीच. एरवी ‘पर्याय निवडणे’ पुरेसं आहे.

पायरी २: वाक्यात नीट बसवा

इथे नियम फार नाहीत, पण आपल्याकडे एक चूक इतकी रुळली आहे की शिकलेल्या माणसांच्या पत्रातही सापडते. मराठीत ‘मी मराठी विषय निवडला’ असं थेट कर्म येतं, म्हणून आपण ‘आय ऑप्टेड मराठी’ लिहून मोकळे होतो. ऑप्टला थेट कर्म चालत नाही. मध्ये ‘फॉर’ लागतो: ‘आय ऑप्टेड फॉर मराठी.’ ‘सब्जेक्ट ऑप्टेड बाय द स्टुडंट’ हे कॉलेजांच्या छापील फॉर्मवरही दिसतं. तिथेही ‘ऑप्टेड फॉर बाय’ असं हवं. ते जिभेला जड वाटत असेल तर सरळ ‘चोझन बाय’ लिहा, तेच उत्तम.

पुढे क्रियापद येणार असेल तर ‘टू’: ‘शी ऑप्टेड टू स्टे इन नागपूर’, म्हणजे नागपुरातच राहायचं तिने ठरवलं. एखाद्या योजनेत शिरायचं असेल तर ‘ऑप्ट इन’, बाहेर पडायचं असेल तर ‘ऑप्ट आउट’. कशातून बाहेर हे सांगायचं असेल तर ‘ऑप्ट आउट ऑफ’. यातला ‘ऑफ’ गळला की वाक्य लंगडं पडतं.

‘ऑप्ट’ला नाम म्हणून वापरू नका. ‘माय ऑप्ट इज’ असं नसतं, ‘माय चॉइस’ किंवा ‘माय ऑप्शन’ म्हणा. भूतकाळात ‘टी’ दुप्पट होत नाही, आणि उच्चार ‘ऑप्टिड’च्या जवळचा आहे. व्याकरण एवढंच.

पायरी ३: ‘इन’ आहे की ‘आउट’, हे बोट ठेवून वाचा

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. ऑप्ट दिसला की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: मी काहीच केलं नाही तर काय होईल?

‘ऑप्ट इन’ असेल तर तुम्ही गप्प बसलात की तुम्ही बाहेरच. ‘ऑप्ट आउट’ असेल तर गप्प बसणाऱ्याला आत धरलं जातं, आणि बाहेर पडायला कळवावं लागतं, तेही मुदतीत. दोन्हीकडे निवड तुमचीच, ऐच्छिकही दोन्ही. पण न बोलण्याची किंमत दोन्हीकडे उलटी आहे.

पीकविमा घ्या. प्रधानमंत्री पीकविमा योजना खरीप २०२० पासून सगळ्यांसाठी ऐच्छिक झाली. त्याआधी पीककर्ज घेतलेल्यांना ती सक्तीची होती. ‘ऐच्छिक झाली’ हे गावोगाव पोचलं, पण कर्जदार शेतकऱ्यासाठी ती कोणत्या पद्धतीने ऐच्छिक झाली हे तितकं पोचलं नाही. बिगरकर्जदाराने स्वतः अर्ज केला तरच तो योजनेत येतो, म्हणजे ऑप्ट इन. कर्जदाराने मात्र नको असेल तर नोंदणीच्या शेवटच्या तारखेच्या किमान सात दिवस आधी बँकेला लेखी कळवायचं असतं, म्हणजे ऑप्ट आउट. नाही कळवलं तर बँक हप्ता कर्जखात्यातून कापून पुढे पाठवते. अंतिम तारीख ३१ जुलै असेल तर तुमची खरी तारीख २४ जुलै.

महाराष्ट्रात खरीप २०२३ पासून शेतकऱ्याला एका रुपयात विमा मिळत होता, तेव्हा याची झळ कुणाला बसत नव्हती. खरीप २०२५ पासून शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा सुरू झाला: खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला १.५ टक्के, नगदी पिकांना ५ टक्के. हेक्टरी संरक्षित रक्कम ५०,००० रुपये धरली तर खरिपात २ टक्क्यांनी हेक्टरी १,००० रुपये होतात. विमा घेऊ नका असं माझं म्हणणं अजिबात नाही, कोरडवाहू शेताला तो आधारच आहे. पण घ्यायचा तर जाणून घ्यावा. कर्जखात्यातून हप्ता गेलेला ठाऊक नसल्यामुळे त्याच शेताचा अर्ज सेवा केंद्रावरून पुन्हा करण्याची वेळ येऊ नये. आणि बँकेत नोंदलेलं पीक एक व शेतात पेरलेलं दुसरं असेल, तर तेही मुदतीआधीच कळवायला हवं.

काही योजनांत शिरताना ऑप्ट इन आणि शिरल्यावर ऑप्ट आउट असतं. जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, सुरक्षा विमा २० रुपये. सुरुवातीला तुमची संमती लागते. त्यानंतर दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस हप्ता खात्यातून आपोआप जातो, कारण पहिल्याच फॉर्मवर तुम्ही ‘ऑटो डेबिट’ला होकार दिलेला असतो. बंद करायचा तर बँकेला सांगावं लागतं. चालू ठेवायचा तर मेच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लक ठेवावी लागते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्याबाबत आवर्जून पाहा. एवढ्याशा रकमेअभावी संरक्षण तुटलेलं कुणालाच परवडणारं नसतं.

परदेशी गेलेल्यांसाठी दोन उदाहरणं, दोन्ही ब्रिटनची. तिथे २०१२ पासून नोकरदाराला कंपनीच्या पेन्शनमध्ये आपोआप दाखल करतात. वय किमान २२, वार्षिक पगार १०,००० पौंडांवर, एवढं पुरे. दाखल झाल्यावर एका महिन्याच्या आत ऑप्ट आउट केलं तर कापलेले पैसे परत मिळतात, नंतर बाहेर पडलात तर भरलेली रक्कम पेन्शनमध्येच राहते. ‘दोनच वर्षं राहायचंय, कशाला पैसे अडकवू?’ असा विचार करून नवखी मंडळी लगेच बाहेर पडतात. पण पात्र पगारावर मालकाने किमान ३ टक्के भरायचेच असतात. बाहेर पडलात की तेही गेले. सही करण्याआधी हा आकडा मांडून पाहा.

दुसरं उदाहरण अवयवदानाचं. वेल्समध्ये डिसेंबर २०१५ पासून आणि इंग्लंडमध्ये मे २०२० पासून मृत्यूनंतरच्या अवयवदानासाठी ऑप्ट आउट पद्धत आहे. सज्ञान व्यक्तीने नकार नोंदवला नसेल तर तिची संमती गृहीत धरतात. बारा महिन्यांहून कमी वास्तव्य असलेल्यांना हे लागू नाही, आणि प्रत्यक्ष वेळ आली की कुटुंबाशी बोलणं होतंच. भारतात १९९४ च्या कायद्याखाली उलट आहे: इथे होकार द्यावा लागतो, आणि शेवटी नातेवाइकांची संमती निर्णायक ठरते. तुमची इच्छा काहीही असो, दोन्ही देशांत ती घरच्यांना माहीत असणं गरजेचं आहे. इथे मुंबईत कार्ड भरलं आणि घरी सांगितलंच नाही, तर ऐनवेळी त्यांनी काय ठरवायचं?

पायरी ४: ‘होय’ म्हणजे नक्की कशाला होय, ते तपासा

ऑप्ट आउटचा प्रश्न ‘होय/नाही’ स्वरूपात आला की गफलत हमखास होते, कारण ‘होय’चा अर्थ इथे ‘नको’ असा असतो. आयकराच्या विवरणपत्राइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

आकारणी वर्ष २०२३-२४ पर्यंत, म्हणजे आर्थिक वर्ष २०२२-२३ च्या उत्पन्नापर्यंत, पगारदारांच्या फॉर्मवर प्रश्न असायचा तो नव्या कररचनेत यायचंय का, असा. ‘यस’ म्हणजे नवी. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी रचनाच मूळ धरली गेली, आणि पुढच्या फॉर्मवर प्रश्न उलटला: नव्या रचनेतून ‘ऑप्टिंग आउट’ करायचंय का? आता ‘यस’ म्हणजे जुनी रचना. आदल्या वर्षीच्या सवयीने उत्तर दिलं की घरभाडं, भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विमा यांच्या सवलती एका टिचकीत गेल्या. किंवा याच्या उलट, जुन्या रचनेत काही वजावट नसताना माणूस तिथे अडकला.

म्हणून असा प्रश्न आला की तो आधी मराठीत पूर्ण वाक्यात म्हणा. ‘मला नव्या रचनेतून बाहेर पडायचंय का? होय, मला जुनी हवी.’ पूर्ण म्हटल्याशिवाय टिक करू नका. सुरुवातीला बालिश वाटेल, पण चूक टाळायला याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

वेबसाइटवरच्या खुणेच्या चौकटीही याच पायरीत येतात. काही आधीच खूण करून ठेवलेल्या असतात, काही ‘मला संदेश पाठवू नका’ अशा नकारात बांधलेल्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी आणि ती मागे घेणंही तितकंच सोपं असावं, असं तत्त्व घातलं आहे. तरी डोळे उघडे ठेवून प्रत्येक चौकट वाचावीच.

पायरी ५: मौनाचं कलम शोधा

लांबलचक परिपत्रकात कुठेतरी एक वाक्य असतं: ‘शॅल बी डीम्ड टू हॅव ऑप्टेड फॉर’. ‘डीम्ड’ म्हणजे मानलं जाईल. अमुक तारखेपर्यंत तुमचा विकल्प आला नाही तर तुम्ही अमुकच निवडलं असं समजलं जाईल, असा त्याचा अर्थ. परिपत्रक हातात आलं की वरून खाली वाचत बसण्याआधी हे वाक्य शोधा आणि त्याखाली रेघ मारा.

केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाच्या २०१६ च्या नियमांत विकल्प द्यायला तीन महिने होते. न देणाऱ्याला १ जानेवारी २०१६ पासून सुधारित वेतनरचनेत धरलं गेलं. बहुतेकांना तेच फायद्याचं होतं. पण ज्यांची पदोन्नती किंवा वेतनवाढ त्यानंतर लवकरच येणार होती, त्यांनी दोन्ही तारखांनी आकडेमोड करून पाहणं आवश्यक होतं. याउलट १ एप्रिल २०२५ पासूनच्या केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेत गप्प बसणारा कर्मचारी राष्ट्रीय पेन्शन योजनेतच राहिला. एकच सरकार, पण मौनाचा अर्थ दोन ठिकाणी दोन. अंदाजाने चालू नये ते याचसाठी.

पगारदारांच्या करकपातीलाही हेच लागू. जुनी रचना हवी असं मालकाला कळवलं नाही, तर तो नव्या रचनेप्रमाणे कर कापतो. त्यात घाबरण्यासारखं नाही, विवरणपत्र भरताना जुनी निवडता येते. फक्त ते मुदतीत भरलेलं असावं लागतं. मुदत टळली की तो दरवाजा बंद.

पायरी ६: परतीची वाट आहे का?

‘वन्स एक्सरसाइज्ड, शॅल बी फायनल’ असं लिहिलेलं असेल तर एकदा दिलेला विकल्प बदलत नाही. ‘इर्रिव्होकेबल’ हाही तेच सांगतो. पगारदाराला कररचना दर वर्षी नव्याने निवडता येते. धंद्याचं उत्पन्न असलेल्याला तसं नाही: १९६१ च्या कायद्याखाली त्याने वेगळा फॉर्म भरून जुनी रचना घेतली की नव्या रचनेत एकदाच परतता येतं, आणि नंतर धंदा सुरू असेतो पुन्हा जुनीकडे वळता येत नाही. किराणा दुकानदाराने नोकरदार भावाचं पाहून निवड करू नये, ती याच कारणाने.

रेल्वेची ‘विकल्प’ योजना इथेच मोडते. ती २०१५ पासून आहे, आणि ऑप्ट इन आहे. वेटिंग तिकीट काढताना होकार दिलात, तर तुमच्या गाडीत जागा न झाल्यास दुसऱ्या गाडीत मिळू शकते. मिळेलच असं नाही. भाड्यातला फरक घेत नाहीत, देतही नाहीत. पण दुसऱ्या गाडीत जागा मिळाली की मूळ गाडीने जाता येत नाही, आणि तिकीट रद्द करायचं ठरवलं तर पक्क्या तिकिटाचे नियम लागतात. चढायचं आणि उतरायचं स्टेशनही जवळचं दुसरं असू शकतं. एकट्या तरुणाला याने काही बिघडत नाही. आजीला घेऊन निघालेल्या कुटुंबाने मात्र होकार देण्याआधी हे सगळं घरात बोलून घ्यावं, आणि दिल्यास चार्ट लागल्यावर स्थिती न चुकता पाहावी.

पायरी ७: ‘ऑप्शनल’ला फसू नका

‘ऑप्शनल’ म्हणजे सोडून दिलं तरी चालेल, हा अर्थ बहुतेक ठिकाणी बरोबर. फॉर्मवर मधल्या नावापुढे ‘ऑप्शनल’ असेल तर रिकामं ठेवा. स्पर्धा परीक्षेत मात्र ‘ऑप्शनल’ घ्यावाच लागतो, तुमच्या हातात आहे तो कोणता घ्यायचा हे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत २०१३ पासून एकच वैकल्पिक विषय आहे: २५० गुणांचे दोन पेपर, म्हणजे लेखीच्या १७५० पैकी ५००. मराठी साहित्य त्या यादीत आहे. ‘ऑप्शनल आहे, नंतर बघू’ म्हणणाऱ्याचं जवळजवळ तीस टक्के परीक्षेकडे दुर्लक्ष होतं.

अभियांत्रिकी प्रवेशाचा ‘ऑप्शन फॉर्म’ ही आणखी वेगळी चीज. तिथे एकच निवडायचं नसतं, पसंतीचा क्रम लावायचा असतो, आणि पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ते आपोआप ‘फ्रीज’, म्हणजे पक्कं, होतं. म्हणून खरोखर जायचं असेल तेच वर लिहा. ‘बघू तरी मिळतंय का’ म्हणून पहिला क्रमांक वाया घालवू नका.

पायरी ८: स्वतः लिहा, आणि पोच घ्या

आता तुमच्या बाजूने लिहायची वेळ आली तर दोन वाक्यं पुरतात. शिरायचं असेल तर: ‘आय विश टू ऑप्ट फॉर’ आणि पुढे योजनेचं पूर्ण नाव, मग कोणत्या तारखेपासून. बाहेर पडायचं असेल तर: ‘आय विश टू ऑप्ट आउट ऑफ’ आणि पुढे तेच. महाराष्ट्रातल्या बँकेत किंवा कार्यालयात हे मराठीत द्यायला काहीही हरकत नाही: ‘खरीप हंगामासाठी माझ्या पीककर्ज खात्यातून पीकविम्याचा हप्ता कापू नये, ही विनंती.’ हंगाम आणि वर्ष लिहा, खाते क्रमांक लिहा, गट क्रमांक असेल तर तोही.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक त्यांना द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. ‘शिक्का साहेबांकडे आहे, उद्या या’ असं उत्तर मिळालं तर त्याच दिवशी तोच मजकूर शाखेच्या ईमेलवर पाठवा, म्हणजे तारीख तुमच्या हातात राहते. ऑनलाइन केलं असेल तर शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि पावती क्रमांक जपा. मग महिनाभराने पासबुक भरून घ्या आणि हप्ता खरंच गेला की थांबला ते पाहा. गेलाच असेल तर शिक्क्याची प्रत घेऊन त्याच आठवड्यात शाखेत जा. विमा कंपनीकडे पैसे पोचून पॉलिसी तयार झाली की ते परत मिळवणं अवघड होतं.